नोटीस न गेलेला पक्ष

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात वाटपाचा दावा लागला, की प्रतिवादीची कैफियत न वाचताही तिच्यातली एक हरकत सांगता येते : ‘दाव्यात आवश्यक पक्षकार सामील केलेले नाहीत, सबब दावा फेटाळण्यात यावा.’ निफाड-दिंडोरीकडची द्राक्षाची जमीन असते, दोन भाऊ समोरासमोर उभे असतात आणि सुरतेला किंवा कल्याणला दिलेल्या बहिणीचं नाव दाव्यात कुठेच नसतं. क्वचित विसरून, बऱ्याचदा ठरवून. तिने हक्क सोडलाय असं दोघेही भाऊ छातीठोकपणे सांगतात, आणि ‘नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा’ म्हटलं की दोघेही आपापल्या वकिलाच्या तोंडाकडे बघतात. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हिस्सा दिला, केंद्राने २००५ मध्ये तोच हक्क देशभर नेला, आणि वडील २००५ च्या आधी गेले की नंतर, या प्रश्नावरचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला. तरी बहीण काही दाव्यात येत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेत यावर रोकडा इलाज आहे. ऑर्डर १, रूल १० खाली न्यायालय दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर, अर्ज आलेला नसला तरी, राहिलेला पक्षकार जोडून घेऊ शकतं. ज्याच्याशिवाय परिणामकारक हुकूमच करता येत नाही तो आवश्यक पक्षकार. हुकूम त्याच्याविना होऊ शकतो, पण वाद पुरता मिटवायला जो समोर असलेला बरा तो योग्य पक्षकार. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली मालपहारिया प्रकरणात हा फरक मांडला आणि तो आजही तसाच चालतो. योग्य पक्षकार राहिला म्हणून दावा पडत नाही, आवश्यक राहिला तर पडतो. म्हणून जाणता वकील दावा लिहायच्या आधी सातबारा पुरेसा मानत नाही. जुने फेरफार काढतो, वारसनोंदी बघतो, वंशावळ प्रतिज्ञापत्रावर घेतो, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा की कुळाचं नाव हे तपासतो. कोणी सापडत नसेल तर दारावर चिकटवून नाहीतर ‘गांवकरी’, ‘देशदूत’मध्ये जाहीर नोटीस देऊन बजावणी करून घेतो. उशिरा जोडलेल्या माणसापुरता दावा त्याला जोडल्याच्या तारखेला दाखल झाला असं मुदतीच्या कायद्यात धरलं जातं. चूक प्रामाणिक होती हे पटलं तर न्यायालय आधीची तारीख देतं. एरवी ढिलाई वादीच्याच अंगाशी येते.

या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : न्यायालय गैरहजर माणसाला हजर करू शकतं. त्याची मर्जी कोणी विचारत नाही. समन्स बजावलं गेलं आणि तो आला नाही तर एकतर्फा चालवा.

देशादेशांच्या करारातून जन्मलेल्या न्यायालयांकडे नेमकी हीच ताकद नसते. ज्या देशांनी करारावर सही केली तेवढ्यांपुरतं ते न्यायालय. शेजारचा देश, बाहेरची महासत्ता, किंवा देश नसलेला साधा माणूस, ज्याच्या घराचा निकालाने फैसला होणार आहे, यांना तिथे ओढून आणता येत नाही आणि बऱ्याचदा स्वतःहून यायलाही दार नसतं. मग न्यायाधीशांपुढे दोनच रस्ते दिसतात. ‘तो नाही, म्हणून आम्ही बघतच नाही’ म्हणायचं, नाहीतर ‘आमचा निकाल फक्त हजर पक्षांवर बंधनकारक आहे’ असं एक वाक्य लिहून पुढे जायचं. माझ्या मते दोन्हींत पळवाट आहे. गैरहजर पक्षाला न्याय मिळतो तो निकालपत्राच्या शेवटच्या पानावर, प्रत्यक्ष आदेश कसा बेतला आहे त्यात. आणि हे शंभर वर्षांपूर्वी एका छोट्याशा, आता कोणाला आठवतही नसलेल्या न्यायालयाने करून दाखवलं होतं.

मध्य अमेरिकेतल्या पाच देशांनी, म्हणजे कोस्टारिका, एल साल्वादोर, ग्वाटेमाला, होंडुरास आणि निकाराग्वा यांनी, डिसेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टनला करार करून स्वतःचं कायमचं न्यायालय उभं केलं. मुदत दहा वर्षं, न्यायाधीश पाच, प्रत्येक देशाचा एक. १९०८ साली कोस्टारिकातल्या कार्टागो गावात ते सुरू झालं. १९१० च्या भूकंपात गावच उद्ध्वस्त झालं आणि न्यायालय सान होजेला हलवावं लागलं. माणसाला परक्या देशावर थेट फिर्याद करण्याची मुभा या न्यायालयाने दिली होती, तीही त्या काळात. (अशा पाच फिर्यादी झाल्या आणि पाचही हरल्या, पण दार होतं.)

ऑगस्ट १९१४ मध्ये निकाराग्वाने अमेरिकेशी करार केला. तीस लाख डॉलरच्या बदल्यात अमेरिकेला समुद्र ते समुद्र कालवा खोदण्याचा कायमचा हक्क, कॅरिबियनमधली दोन बेटं ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, आणि पॅसिफिकच्या बाजूला फोन्सेका आखातात तेवढ्याच वर्षांसाठी नाविक तळाची जागा. कालव्याचा मार्ग सान हुआन नदीवरून जाणार, आणि ती नदी म्हणजे कोस्टारिकाची सरहद्द. १८५८ च्या तहानुसार कोस्टारिकाचं मत घेतल्याशिवाय निकाराग्वाला कालव्याचा व्यवहार करता येत नव्हता, आणि १८८८ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनीच लवाद म्हणून तो तह वैध ठरवला होता. फोन्सेका आखाताला तर तीन देशांचे किनारे : एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा. तिथे आरमारी तळ आला की बाकीच्या दोघांच्या दारात तोफा.

मार्च १९१६ मध्ये कोस्टारिकाने फिर्याद केली, ऑगस्टमध्ये एल साल्वादोरने. दोघांचीही मागणी अशी, की हा करार टिकू नये. आणि कराराची दुसरी बाजू, अमेरिका, या न्यायालयाच्या कक्षेतच नव्हती. कोस्टारिकाच्या खटल्यात निकाराग्वाने उत्तर द्यायलाही नकार दिला. म्हणजे एक पक्ष येत नाही आणि दुसऱ्याला बोलावता येत नाही.

सप्टेंबर १९१६ च्या निकालात न्यायालयाने प्रश्न दोन कप्प्यांत टाकला. निकाराग्वाने कोस्टारिकाचे तहातले हक्क मोडले का? हो, मोडले, हे ठरवायला अमेरिका समोर असण्याची गरज नाही, कारण वचन निकाराग्वाचं होतं. मग करार रद्द का? यावर आम्ही काहीही जाहीर करू शकत नाही, कारण कराराचा दुसरा धनी आमच्यापुढे नाही. मार्च १९१७ मध्ये एल साल्वादोरच्या निकालात ते आणखी एक पाऊल पुढे गेलं : आंतरराष्ट्रीय कायद्यात जे जे मार्ग उपलब्ध आहेत ते वापरून निकाराग्वाने करारापूर्वीची स्थिती परत आणावी आणि राखावी. आदेशातलं प्रत्येक क्रियापद निकाराग्वाच्या गळ्यात आहे. अमेरिकेवर एका अक्षराचं बंधन नाही, तिचा हक्क काढून घेतल्याचा उच्चारही नाही. पण ज्याने दुसऱ्याची वस्तू विकली त्याच्यावर ती सोडवून आणण्याची जबाबदारी आहे. आपल्याकडच्या चांगल्या दिवाणी न्यायाधीशाने सहहिस्सेदाराने परस्पर केलेल्या विक्रीच्या दाव्यात, खरेदीदार समोर नसताना, यापेक्षा काटेकोर हुकूम लिहिला नसता.

आता यातली फट. आखाताचं पाणी तिन्ही देशांच्या सामाईक मालकीचं आहे, असं १९१७ च्या निकालात ठरवलं. तिन्ही देश म्हणजे होंडुरास आलाच, आणि होंडुरास या खटल्यात पक्षकार नव्हता. सामाईक मालकीची कल्पना त्याला मान्यही नव्हती. खटला चालू असतानाच त्याने तसा निषेध नोंदवला होता. म्हणजे ज्या न्यायालयाने दूरच्या बलाढ्य गैरहजर पक्षासाठी इतकी बारीक शिवण घातली, त्याच न्यायालयाने शेजारच्या छोट्या गैरहजर पक्षाला भागीदार करून टाकलं, तेही त्याच्या मर्जीविरुद्ध. सत्तेपुढे जपून वागणं आणि गैरहजर माणसाशी न्यायाने वागणं दिसायला सारखं असतं. दोन्ही ठिकाणी तीच काळजी घेतली का, हे बघितल्याशिवाय न्यायालयाला शाबासकी देऊ नये.

निकाराग्वाने दोन्ही निकाल धुडकावले. १९१८ साली दहा वर्षांची मुदत संपली आणि न्यायालय बंद पडलं. कालवा खोदला गेला नाही. तो करार रद्द करायचं १९७० साली अमेरिका आणि निकाराग्वा यांनीच आपसांत ठरवलं. अमेरिकेच्या सिनेटने करार मंजूर करताना, कोस्टारिका, एल साल्वादोर आणि होंडुरास यांच्या हक्कांना बाधा आणण्याचा यात हेतू नाही, असं एक वाक्य जोडलं होतं. ते कोणाच्या कामाला आलं नाही.

हेच आखात पुन्हा १९८६ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, या वेळी एल साल्वादोर आणि होंडुरास यांच्यात. आता गैरहजर कोण, तर निकाराग्वा. त्याने अर्ज केला आणि सप्टेंबर १९९० मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्याला आत घेतलं. त्या न्यायालयाच्या नियमपुस्तकात ही सोय पहिल्यापासून होती, पण तिच्याखाली मंजूर झालेला हा पहिला अर्ज. आत घेतलं तेही मोजून : आखातातल्या पाण्याचं कायदेशीर स्वरूप काय, एवढ्याच मुद्द्यावर बोला, जमिनीच्या सरहद्दीवर आणि बेटांवर नाही. १९९२ च्या निकालात किनाऱ्यालगतचा तीन मैलांचा पट्टा ज्याचा त्याला आणि बाकीचं ऐतिहासिक पाणी तिघांचं सामाईक ठरलं. आणि शेवटी, निकाराग्वा पक्षकार नसल्यामुळे हा निकाल त्याच्यावर बंधनकारक नाही! म्हणजे माझं ऐकून घ्या, पण मला बांधू नका, अशी ही जागा. दिवाणी वकिलाला हे विचित्र वाटेल. आपल्याकडे जोडला गेलेला माणूस निकालाने बांधला जातोच. पण ज्याला ओढून आणता येत नाही त्याला स्वतःहून यायला लावायचं, तर दाराशी असं काही आमिष ठेवावं लागतं.

‘तो नाही म्हणून बघणार नाही’ या दुसऱ्या टोकाचा उगम १९५४ मधला. जर्मनांनी १९४३ साली रोममधून अल्बानियाच्या राष्ट्रीय बँकेचं सुमारे २,३३८ किलो सोनं उचललं. युद्धानंतर त्यावर इटली आणि ब्रिटन दोघांनी हक्क सांगितला. इटलीचा दावा मान्य करायचा तर अल्बानियाने बेकायदा वर्तन केलं का, हे आधी ठरवावं लागणार, आणि अल्बानिया तर आलेलाच नाही. हेगच्या न्यायालयाने हात वर केले. गैरहजर देशाचं वर्तन हाच वादाचा गाभा असेल तर निकाल देता येत नाही, हा नियम तिथून रूढ झाला. १९९२ साली नाउरू बेटाच्या प्रकरणात त्याची धार थोडी बोथट केली. फॉस्फेट उपसून ओसाड केलेल्या जमिनीचा जाब ऑस्ट्रेलियाला विचारला होता, बेटाचा कारभार बघणारे विश्वस्त देश मात्र तीन होते, ब्रिटन आणि न्यूझीलंडसुद्धा. न्यायालय म्हणालं, त्या दोघांच्या हितावर सावली पडेल, पण त्यांची जबाबदारी आधी ठरवल्याशिवाय ऑस्ट्रेलियाची ठरवता येणार नाही असं काही नाही. खटला चालला.

तीन वर्षांनी पूर्व तिमोरच्या प्रकरणात मात्र नियम पुन्हा कडक झाला. तिमोरच्या समुद्रातल्या तेलाचा करार ऑस्ट्रेलियाने १९८९ साली तिमोरचा ताबा घेऊन बसलेल्या इंडोनेशियाशी केला, पोर्तुगालने जुना प्रशासक देश म्हणून फिर्याद केली, आणि इंडोनेशिया गैरहजर म्हणून १४ विरुद्ध २ मतांनी ती थांबली. तिमोरी जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क निर्विवाद आहे, असं त्याच निकालात लिहिलेलं आहे. श्रीलंकेचे न्यायाधीश वीरमंत्री विरोधात गेलेल्या दोघांपैकी एक. त्या दालनात गैरहजर इंडोनेशिया होता तसे खुद्द तिमोरी लोकही होते. पण पहिल्याच्या गैरहजेरीला कायद्यात नाव होतं. दुसऱ्यांच्या गैरहजेरीला नव्हतं.

नकाशावर हीच काळजी कशी घेतात ते बघण्यासारखं आहे. लिबिया आणि माल्टा यांच्या सागरी हद्दीच्या खटल्यात इटलीने मध्ये यायची परवानगी मागितली. १९८४ मध्ये ती नाकारली. पण १९८५ मध्ये निकाल देताना न्यायालयाने इटली जिथवर हक्क सांगतो तो भाग सोडून, १३ अंश ५० मिनिटं आणि १५ अंश १० मिनिटं पूर्व रेखांशांच्या मधल्या पट्टीतच हद्द आखली. पुढे अनेक निकालांत हद्दीची रेष शेवटच्या बिंदूवर न थांबवता तिला बाण काढला जाऊ लागला. तिसऱ्या देशाच्या हक्काचं क्षेत्र जिथे लागतं तिथवर ही रेष जाते, पण ते क्षेत्र कुठे लागतं ते आज आम्ही सांगत नाही, असा त्या बाणाचा अर्थ. मोजणी खात्याच्या नकाशावर लगतच्या गटाची बाजू तुटक ठेवतात, तसंच हे. शेजारी आला की पुढचं बघू.

देश गैरहजर असला की निदान त्याचं नाव तरी निकालात येतं. खरी अडचण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दिसते. तिथे प्रतिवादी फक्त राज्य असू शकतं. दोन माणसांचा दिवाणी वाद देशातल्या शेवटच्या न्यायालयात संपतो, हरलेला माणूस स्ट्रासबुर्गला जातो आणि फिर्याद सरकारवर करतो. जिंकलेला माणूस, ज्याच्या हातात अंतिम हुकूमनामा आहे, तो तिथे कोणीच नाही. त्याची बाजू मांडायची ती सरकारने. सरकार मांडणार ती स्वतःची : आमचा कायदा बरोबर आहे, आमच्या न्यायालयांनी नीट सुनावणी दिली. त्या माणसाच्या विहिरीला, कर्जाला, मुलाबाळांना त्यात जागा नाही.

इंग्लंडातल्या बर्कशायरमधल्या २३ हेक्टर शेतजमिनीचं प्रकरण घ्या. मालक कंपनी, जमीन कसणारं शेजारचं शेतकरी कुटुंब. बारा वर्षं विनापरवाना कब्जा झाला म्हणून २००२ साली तिथल्या सर्वोच्च पीठाने जमीन कब्जेदाराची ठरवली. कंपनी स्ट्रासबुर्गला गेली. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ असा कंपनीच्या बाजूने कौल दिला. २००७ मध्ये मोठ्या पीठाने १० विरुद्ध ७ असा तो फिरवला. सगळा वाद कंपनी आणि ब्रिटिश सरकार यांच्यात. जमीन ज्याच्या ताब्यात, तो प्रेक्षक. उल्लंघन ठरलं असतं तरी भरपाई सरकारच्या तिजोरीतून गेली असती, त्याची जमीन गेली नसती, हे खरं. पण जिथे उपाय पैशात नसतो, मुलाचा ताबा किंवा खटला पुन्हा चालवणं अशा गोष्टींत असतो, तिथे असं म्हणता येत नाही.

दार अगदीच नाही असंही नाही. युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ३६ खाली, ज्या देशाचा नागरिक अर्जदार आहे त्या देशाला बोलण्याचा हक्क आहे. आणि न्यायाच्या हितासाठी न्यायालयाचे अध्यक्ष ‘संबंधित व्यक्ती’ला लेखी म्हणणं मांडायला बोलावू शकतात. परवानगीचा अर्ज १२ आठवड्यांत करायचा. मुदत कधीपासून, तर प्रकरण सरकारला कळवल्याची माहिती न्यायालयाच्या संकेतस्थळावर आल्यापासून. इथेच गाडी अडते. गावातल्या जिंकलेल्या माणसाला रोज उठून ते संकेतस्थळ बघायचं असतं हे कोण सांगणार? त्याला नोटीस पाठवण्याचं बंधन नाही. परिणामी त्या १२ आठवड्यांचा फायदा घेतात त्या अनुभवी संस्था आणि सरकारं, आणि ज्याच्या दारात निकाल येऊन पडणार तो बातमीतून शिकतो. दुरुस्ती अगदी साधी आहे : देशांतर्गत खटल्यात जो समोरचा पक्ष होता त्याच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर एक पत्र, आणि मुदत त्या पत्रापासून मोजायची.

लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने हे जास्त नीट बसवलं आहे. दावा दाखल झाल्याची सूचना संघाच्या राजपत्रात छापतात, त्यानंतर सहा आठवड्यांत मध्यस्थीचा, म्हणजे तिऱ्हाइताने खटल्यात येण्याचा, अर्ज करता येतो. सभासद देशांना आणि संघाच्या संस्थांना कारण सांगावं लागत नाही; बाकीच्यांनी निकालात आपलं हित दाखवायचं. मात्र येणाऱ्याने कुठल्या तरी एका पक्षाच्या मागणीला पाठिंबाच द्यायचा, स्वतःची तिसरी मागणी करायची नाही. आणि देश विरुद्ध संघाची संस्था अशा वादात खाजगी माणसाला प्रवेशच नाही. पण खरी किमती तरतूद पुढे आहे : आपल्याला न ऐकता दिलेला निकाल आपल्या हक्काला बाधक आहे, असं दाखवणाऱ्या तिऱ्हाइताला निकालानंतरही तो उघडून मागता येतो, राजपत्रात छापल्यापासून दोन महिन्यांत. फ्रेंच परंपरेतून आलेली ही सोय क्वचित वापरली जाते, तरी असावी. आत येण्याची संधी होती आणि झोपून राहिला अशाला मात्र तिचा उपयोग नाही, आणि ते बरोबरच आहे.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांचं न्यायाधिकरण नामिबियात विंडहुकला होतं. झिम्बाब्वेने भरपाई न देता काढून घेतलेल्या शेतजमिनींचा खटला तिथे २००८ साली निकाली निघाला. एका शेतमालकाच्या मागे आणखी ७७ अर्जदार मध्यस्थ म्हणून आत आले. एकाच बाजूचे सगळे. ज्यांना त्या जमिनी वाटल्या गेल्या, ज्यांच्या हातात सरकारी वाटपपत्रं होती, ते पक्षकार नव्हते. त्या न्यायाधिकरणाची सनद होती देशादेशांतल्या किंवा व्यक्ती विरुद्ध राज्य अशा वादांपुरती. व्यक्तीसमोर व्यक्ती उभी करायची तर तिथे चौकटच नव्हती. पण त्यांच्याबद्दल निकालात बोललं गेलं. जमीन भूमिहीन आणि गरीब लोकांना वाटली असती, निकष वाजवी असते आणि भरपाई दिली असती, तर या कृतीला वांशिक भेदभाव म्हणता आलं नसतं, असं मत न्यायाधिकरणाने नोंदवलं. जमीन घेणारे कोण होते यावर निष्कर्ष, आणि ते घेणारे दालनाबाहेर. यात काही वशिल्याचे पुढारी असतील, काही खरोखर भूमिहीन असतील. न ऐकता दोघांना एकाच पोत्यात भरलं गेलं. आदेश मात्र जपून होता : जे अजून जमिनीवर आहेत त्यांचा कब्जा राखा, आणि आधीच हटवलेल्या तिघांना ३० जून २००९ पर्यंत भरपाई द्या. त्या तिघांच्या जागी बसलेल्यांना उठवा, असं म्हटलं नाही. झिम्बाब्वेने निकाल पाळला नाही आणि २०१० साली सभासद देशांनी न्यायाधिकरणच स्थगित केलं. कार्टागोची आठवण यावी असाच शेवट.

सायप्रसच्या घरांचा प्रश्न यापेक्षा अवघड. १९७४ मध्ये तुर्की सैन्य बेटाच्या उत्तरेला आलं, ग्रीक सायप्रियट दक्षिणेला पळाले, त्यांच्या घरांत दुसरी माणसं राहू लागली. १९९६ मध्ये स्ट्रासबुर्गने सांगितलं, मालकी मूळ मालकाचीच आहे. २०१० मध्ये मोठ्या पीठाने, मालकी न नाकारता, वेगळा सूर लावला : ३५ वर्षं गेली आहेत, सरसकट सगळी घरं परत द्या म्हटलं तर मोठ्या संख्येने बायकापोरांसह माणसं रस्त्यावर येतील, तिऱ्हाइतांच्या परिस्थितीचा विचार करण्यापासून राज्याला रोखता येणार नाही. घर परत, अदलाबदल किंवा मोबदला, यांपैकी काय द्यायचं ते स्थानिक आयोगाने एकेका प्रकरणात ठरवावं. तत्त्व पटण्यासारखं आहे. पण ही माणसं तिथे कशी आली, कोणी आणून बसवलं, बदल्यात त्यांनी काय सोडलं, हे सांगितलं कोणी? तुर्कस्तानने, म्हणजे ज्याच्यावर फिर्याद त्यानेच. गैरहजर माणसाची कड घेणारा जर स्वतःच आरोपी असेल, तर त्या माणसाची ढाल व्हायला किती वेळ लागतो? घरात जन्मलेलं चाळीशीचं पोर आणि परवा मोकळा प्लॉट विकत घेऊन हॉटेल बांधणारा, दोघेही ‘तिऱ्हाईत’ या एकाच शब्दात बसतात. आयोगाकडे प्रकरण सोपवण्याचा फायदा हाच, की तिथे निदान घरनिहाय फरक करता येतो.

हे सगळं नाशिककरांना परकं वाटायला नको. गोदावरी खोऱ्याच्या पाण्यावर राज्याराज्यांचा तंटा १९६९ साली लवादाकडे गेला आणि १९८० साली अंतिम निवाडा आला. तिथे बोललं ते राज्य. नाशिकच्या गंगापूर धरणाखालचा बागायतदार आणि जायकवाडीखालचा पैठणचा बागायतदार दोघेही महाराष्ट्र नावाच्या एकाच तोंडातून बोलले. मग भांडण राज्याच्या आत आलं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याच्या कलम १२(६)(ग) मध्ये तुटीच्या वर्षी खोऱ्यात पाणी समन्यायी वाटायचं सांगितलं आहे. प्राधिकरणाचा आदेश सप्टेंबर २०१४ चा, उच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१६ चा. २०१४ च्या त्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. दोन्ही बाजूंना कारखाने, महापालिका, पाणीवापर संस्था, आमदार, नामांकित वकील. गैरहजर कोणीच नाही असं वाटावं इतकी गर्दी.

पण पाणी दारणा-गंगापूरहून निघून नांदूरमध्यमेश्वरमार्गे जायकवाडीला पोचतं ते नदीच्या पात्रातून, आणि पात्राच्या दोन्ही काठांना मोटारी आहेत. मध्येच कोणी उपसू नये म्हणून सोडण्याच्या काळात काठावरच्या कृषिपंपांची वीज तोडतात, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. कोरड्या पात्रात वाळू पाणी पिते ते वेगळं. वीज तोडली की नदीवरच्या मोटारीबरोबर त्याच फिडरवरची विहिरीची मोटारही बंद. तिचं पाणी ना गंगापूरचं ना जायकवाडीचं. हा शेतकरी वरच्या धरणाचा लाभधारक नसतो, खालच्याचाही नसतो, म्हणून तो कुठल्याच बाजूच्या याचिकेत सापडत नाही. त्याच्यासाठी खटला थांबवायची गरज नव्हती आणि नाही. आदेशाच्या शेवटच्या पानावर चार ओळी पुरतात : वीज किती दिवस आणि कोणत्या तासांत बंद, ग्रामपंचायतीच्या फलकावर किती दिवस आधी लावायचं, पिण्याच्या पाण्याच्या योजनांची आणि विहिरींची जोडणी वेगळी कशी ठेवायची, आणि फळ्या काढलेल्या बंधाऱ्यात त्या पुन्हा कोणी, किती तारखेपर्यंत बसवायच्या.